टर्की, पेरू आणि कालिकत

इंग्रजीतील ‘टर्की’ या पक्षिनामासाठी पोर्तुगीज भाषेत ‘पेरू’ हा शब्द आहे, आणि शब्दकोशापुरते पाहिले तर भाषांतराचे काम एवढ्यावरच संपते. दोन्ही शब्द एकाच पक्ष्याची ओळख पटवतात: पिसे नसलेले डोके, चोचीवरून लोंबणारा मांसल लोळ, गळ्याखालची लाल झालर आणि पंख्यासारखी पसरणारी शेपटी असलेला, कोंबडीच्या दूरच्या नात्यातला एक भला मोठा पक्षी. मात्र इंग्रजीत हाच शब्द तुर्कस्तानचे नाव म्हणूनही चालत आला, पोर्तुगीज शब्द हे दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाचे नाव आहे, आणि हा पक्षी मूळचा या दोन्हीपैकी कोणत्याच देशातला नाही. म्हणजे भाषांतरकार एक चुकीचा पत्ता खोडून त्या जागी दुसरा चुकीचा पत्ता लिहितो, आणि तरीही त्याचे भाषांतर अगदी अचूक ठरते. हे कसे शक्य होते, याचा शोध घेताना शब्दाचा अर्थ आणि शब्दाची व्युत्पत्ती, म्हणजे तो कशापासून व कसा घडला याचा इतिहास, या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत हे तर कळतेच. शिवाय सोळाव्या शतकातील सागरी व्यापाराचा एक नकाशाच डोळ्यांसमोर उलगडतो, ज्यात गोवा आणि कालिकत ही दोन्ही बंदरे ठळकपणे दिसतात.

पक्षी मूळचा कोठला

टर्की हा उत्तर अमेरिका खंडातला पक्षी आहे. त्याच्या रानटी जातीचा आढळ कॅनडाच्या दक्षिण भागापासून मेक्सिकोपर्यंत पसरलेला असून, मेक्सिकोतील लोकांनी निदान दोन हजार वर्षांपूर्वीच त्याला माणसाळवले होते. अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत नर पक्ष्याला ‘वेशोलोत्ल’ म्हणत, आणि मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये आजही रूढ असलेला ‘ग्वाहोलोते’ हा शब्द त्याच नावापासून आला आहे. ज्या प्रदेशात पक्षी जन्मला तेथे त्याचे नाव मातीतले राहिले. त्याला परदेशांची नावे चिकटली ती समुद्र ओलांडल्यावर.

सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्पॅनिश जहाजांतून हा पक्षी युरोपात पोहोचला. पिसारा फुलवून नाचणाऱ्या या पाहुण्याला पाहून स्पॅनिश लोकांना मोर आठवला आणि त्यांनी त्याला लॅटिनमधून आलेले मोराचेच नाव, ‘पाव्हो’, देऊन टाकले. पुढे नवा पक्षी घरोघरी पाळला जाऊ लागला, ‘पाव्हो’ म्हणजे टर्की हाच अर्थ रुळला, आणि खऱ्या मोराला ओळख राखण्यासाठी ‘पाव्हो रेआल’, म्हणजे शाही पाव्हो, असे विशेषण लावून घ्यावे लागले. पोर्तुगीज भाषेने मोराचे ‘पाव्हांव’ हे नाव मोरासाठीच राखून ठेवले, त्यामुळे तिला नव्या पक्ष्यासाठी नवे नाव शोधणे भाग पडले.

तुर्की व्यापाऱ्यांचा कोंबडा

इंग्रजी नावाचा उलगडा होण्यासाठी आणखी एका पक्ष्याची ओळख करून घ्यावी लागते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत काळसर पिसांवर पांढरे ठिपके असलेला, कोंबडीएवढा एक पक्षी आढळतो, ज्याला आपल्याकडे गिनी फाउल किंवा गिनी कोंबडी म्हणतात. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांना तो माहीत होता. पुढे युरोपला त्याचा जवळजवळ विसर पडला, आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांत तो पुन्हा युरोपात येऊ लागला. पूर्व भूमध्य समुद्राचा व्यापार त्या काळी ऑटोमन तुर्कांच्या हाती असल्याने तिकडून येणाऱ्या अनेक वस्तूंना इंग्लंडमध्ये ‘तुर्की’ हे विशेषण लागत असे, आणि या ठिपक्यांच्या पक्ष्यालाही ‘तुर्की कोंबडा’ म्हटले जाई. त्याच सुमारास अमेरिकेतला मोठा पक्षी इंग्लंडमध्ये दाखल झाला. काही अभ्यासकांच्या मते लोकांनी दोन्ही पक्ष्यांना एकच मानले, तर काहींच्या मते नवा पक्षीही त्याच व्यापाऱ्यांमार्फत आल्यामुळे त्याला तेच नाव मिळाले. शेवटी आफ्रिकेतल्या पक्ष्याचे नाव ‘गिनी’ प्रदेशाशी जोडले गेले आणि ‘टर्की’ हे नाव एकट्या अमेरिकी पक्ष्याकडे राहिले.

हा नवखा पक्षी इंग्रजांच्या इतका अंगवळणी पडला की शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ या नाटकाच्या पहिल्या भागात, म्हणजे पंधराव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडच्या कथेत, एका हमालाच्या करंडीत टर्की येतात. कोलंबस अमेरिकेला पोहोचला तो १४९२ मध्ये, म्हणजे हेन्री चौथ्याच्या मृत्यूनंतर जवळपास ऐंशी वर्षांनी. तरी शेक्सपिअरच्या प्रेक्षकांना हा पक्षी आजोबांच्या काळापासूनचा वाटत असावा.

विज्ञानाची भाषाही या घोटाळ्यातून सुटली नाही. प्रत्येक सजीवाला प्रजातीचे आणि जातीचे अशा दोन शब्दांनी ओळखण्याची पद्धत रूढ करणारा स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस याने १७५८ मध्ये टर्कीला ‘मेलिआग्रिस गॅलोपाव्हो’ असे नाव दिले. यातला ‘मेलिआग्रिस’ हा ग्रीकांचा गिनी कोंबडीसाठीचा शब्द, ‘गॅलो’ हा लॅटिनमधला कोंबडा आणि ‘पाव्हो’ हा मोर. अमेरिकेतल्या एका पक्ष्याचे शास्त्रीय नाव आफ्रिका, युरोप आणि आशियाला आधीपासून ठाऊक असलेल्या तीन पक्ष्यांच्या नावांतून बांधले गेले आहे.

पॅरिसमध्ये भारत, ॲम्स्टरडॅममध्ये कालिकत

इंग्रजी सोडून इतर भाषांकडे वळले की या पक्ष्याच्या नावात वारंवार भारत डोकावतो. फ्रेंचमधील ‘दँद’ हा शब्द ‘भारताची कोंबडी’ या अर्थाच्या शब्दसमूहाचे शेवटचे टोक आहे; पोलिश ‘इंदिक’ आणि रशियन ‘इंदेइका’ ही नावे त्याच मुळाची आहेत; आणि इंग्रजांनी ज्यांचे नाव पक्ष्याला दिले त्या तुर्कांच्या भाषेत तो ‘हिंदी’ आहे. या नावांमागे एक समजण्याजोगे कारण आहे. कोलंबस आपण आशियाच्या पूर्व टोकाला पोहोचलो असे मानत राहिल्याने स्पॅनिश लोक अमेरिकेला दीर्घकाळ ‘इंडीज’ म्हणत राहिले, त्यामुळे या नावांतला ‘भारत’ अनेकदा अमेरिकेचाच वाचक असतो.

डच नावाला मात्र ही सवलत देता येत नाही. डच भाषेत टर्कीला ‘काल्कून’ म्हणतात, आणि हा शब्द ‘कालिकतची कोंबडी’ या अर्थाच्या जुन्या नावाचा संक्षेप आहे; स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन आणि फिनिश भाषांतली नावे याच शब्दाची भावंडे आहेत. मलबारचे कालिकत बंदर त्या काळी युरोपच्या डोळ्यांपुढे मसाल्यांच्या संपत्तीचे प्रतीक म्हणून उभे होते, आणि दुरून आलेली कोणतीही नवलाची वस्तू तेथूनच आली असावी असे वाटणे सोपे होते. याहून पुढचा टप्पा आग्नेय आशियात दिसतो: मलायी भाषेत टर्कीला ‘डच कोंबडी’ म्हणतात, कारण तेथे तो डचांबरोबर आला. प्रत्येक भाषेने ज्या शेजाऱ्याकडून किंवा व्यापाऱ्याकडून पक्षी घेतला त्याच्याकडे, किंवा त्या व्यापाऱ्याने ज्या दिशेला बोट दाखवले त्या दिशेकडे पाहून नाव ठेवले. स्थलनामावरून पडलेल्या अशा नावांत पक्ष्याची जन्मभूमी क्वचितच सापडते. सापडतो तो त्याचा अखेरचा मुक्काम.

आपल्या भाषेतही हेच घडले आहे. विलायती चिंच या नावाने महाराष्ट्रात ओळखले जाणारे, गुलाबीसर गोड गराच्या वळलेल्या शेंगांचे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले आहे. समुद्रापलीकडून आले ते विलायती, एवढ्या हिशेबावर मराठीने त्याला नाव दिले आणि पिढ्यान्‌पिढ्या ते बिनदिक्कत चालले, कारण रस्त्याच्या कडेचे झाड ओळखायला त्याच्या जन्मभूमीची गरज पडली नाही.

पोर्तुगीजांनी ‘पेरू’ का म्हटले

भारत आणि कालिकत यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या या नावांच्या मेळाव्यात पोर्तुगीज भाषा वेगळी उभी राहते. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात आला, आणि त्यानंतर दरवर्षी लिस्बनहून भारताकडे जहाजे येत-जात राहिली. भारतातून काय येते आणि काय येत नाही, हे युरोपातल्या इतर कोणाहीपेक्षा लिस्बनच्या धक्क्यावरच्या माणसाला चांगले माहीत होते. त्यामुळे हा पक्षी भारताचा आहे अशी समजूत पोर्तुगीजांमध्ये रुजली नाही, यात नवल वाटू नये.

त्यांना तो मिळाला शेजारच्या स्पेनकडून, आणि स्पेनच्या अमेरिकी मुलखाचे त्या काळातले सर्वांत झगमगते नाव होते पेरू. स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को पिसारोने १५३२ मध्ये इंका सम्राट अताउआल्पा याला कैद केले, १५३५ मध्ये लिमा शहर वसवले गेले, आणि लवकरच दक्षिण अमेरिकेच्या फार मोठ्या भागाचा कारभार पेरूच्या स्पॅनिश व्हाइसरॉयच्या हाती गेला. सोन्या-चांदीच्या वार्तांनी भारलेल्या युरोपात ‘पेरू’ हा शब्द स्पॅनिश अमेरिकेला सरसकट लावला जाई. अशा वेळी ‘पेरूची कोंबडी’ म्हणजे स्पॅनिश अमेरिकेतली कोंबडी असा अर्थ सहज निघत होता, आणि रोजच्या वापरात घासून त्याचे नुसते ‘पेरू’ उरले.

काटेकोर भूगोलाच्या दृष्टीने ही चूकच आहे, कारण रानटी टर्की दक्षिण अमेरिकेत आढळतच नाही. तरीही तुर्कस्तान, भारत आणि कालिकत या नावांशी तुलना केली तर पोर्तुगीज नाव निदान पृथ्वीच्या योग्य अर्ध्या भागाकडे बोट दाखवते. खुद्द पेरू या देशनामाची कथाही अशीच आहे: पनामाच्या परिसरातल्या ‘बिरू’ नावाच्या एका स्थानिक प्रमुखाचे किंवा प्रदेशाचे नाव स्पॅनिश लोकांनी दक्षिणेकडच्या अफाट मुलखाला लावले असे मानले जाते. म्हणजे देशाला नाव मिळाले ते दुसऱ्या ठिकाणचे, आणि मग देशाने ते एका तिसऱ्याच ठिकाणच्या पक्ष्याला दिले.

शब्दकोशाच्या पलीकडे

नावाचा इतिहास कसाही असला तरी भाषांतरकाराला रोज सामोरे जावे लागते ते शब्दाच्या चालू वापराला, आणि येथे ‘टर्की म्हणजे पेरू’ हे समीकरण काही ठिकाणी तंतोतंत जुळते तर काही ठिकाणी साफ मोडते. जुळण्याच्या बाजूने सांगायचे तर गाय आणि तिचे मांस यांना इंग्रजीत दोन वेगळे शब्द असले तरी टर्कीच्या बाबतीत पक्षी आणि मांस यांना एकच शब्द चालतो, आणि पोर्तुगीजमध्येही ‘पेरू’ दोन्हींसाठी वापरतात. मोठ्या अक्षराने लिहिला तर तो देश, लहान अक्षराने लिहिला तर पक्षी, हा भेदही दोन्ही भाषांत समान आहे. तरीही इंग्रजीतला देश आणि पक्षी यांच्यावरचा श्लेष, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ काढणारा शब्दखेळ, पोर्तुगीजमध्ये जसाच्या तसा जाऊ शकत नाही, कारण तुर्कस्तानला पोर्तुगीजमध्ये ‘तुर्किया’ म्हणतात. पण देश बदलून पेरूवर तोच श्लेष नव्याने रचता येतो. २०२२ मध्ये तुर्कस्तानच्या विनंतीवरून संयुक्त राष्ट्रांनी त्या देशाचे इंग्रजीतले अधिकृत नाव ‘तुर्किये’ असे बदलले, तेव्हा पक्ष्याच्या नावाशी होणारी गल्लत हेही एक कारण सांगितले गेले; त्या बातमीचे पोर्तुगीज भाषांतर करणाऱ्याला इंग्रजीतला हा योगायोग वाचकाला वेगळा समजावून द्यावा लागतो.

लक्षणेने, म्हणजे मूळ अर्थावरून सरकत जाऊन आलेल्या अर्थांत, दोन्ही भाषांच्या वाटा फुटतात. इंग्रजीत सपशेल आपटलेल्या नाटकाला किंवा चित्रपटाला ‘टर्की’ म्हणतात, आणि व्यसन एका झटक्यात सोडण्याला ‘थंड टर्की’ असा वाक्प्रचार आहे. या ठिकाणी भाषांतरकाराने ‘पेरू’ लिहिले तर पोर्तुगीज वाचकाला काहीच बोध होणार नाही, म्हणून पक्ष्याला बाजूला ठेवून आशयच सांगावा लागतो. उलट ब्राझीलच्या बोलीत, पत्त्यांच्या डावाभोवती उभे राहून न विचारता सल्ले देणारा माणूस ‘पेरू’ ठरतो, तर त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘पेरुआ’ हे भडक नटणाऱ्या बाईसाठी आणि शिवाय माणसे-सामान वाहणाऱ्या गाडीसाठीही वापरले जाते. या अर्थांना इंग्रजी ‘टर्की’मध्ये जागा नाही. प्रतिशब्द म्हणजे दोन भाषांतल्या शब्दांची पूर्ण एकरूपता असे अनेकदा गृहीत धरले जाते. वस्तुतः दोन शब्दांचे अर्थक्षेत्र एखाद्या ठिकाणी एकमेकांवर येते आणि इतर ठिकाणी ती क्षेत्रे आपापल्या दिशेने पसरतात.

सणवारांमुळे तर नेमका प्रतिशब्दही वेगळे चित्र उभे करतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टर्की म्हटले की नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणारा कृतज्ञतेचा सण आठवतो. पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये मात्र पेरू हा नाताळच्या जेवणाचा पक्षी आहे. ब्राझीलचे थोर लेखक मारियू दि आंद्राजी यांच्या एका गाजलेल्या कथेचे नावच ‘नाताळचा पेरू’ या अर्थाचे आहे, आणि ब्राझीलमधील एक म्हण सांगते की आदल्या दिवशी मरण येते ते पेरूलाच, म्हणजे बाकीच्यांनी संकट येण्यापूर्वीच हाय खाऊ नये. इंग्रजी कादंबरीतल्या कुटुंबाने टर्की भाजली हे वाक्य पोर्तुगीजमध्ये निर्दोष उतरले, तरी वाचकाच्या मनातला महिना बदलण्याची शक्यता राहते, आणि चांगला भाषांतरकार तो धागा वाक्यात कोठेतरी सावरून घेतो.

पेरूचा खरा प्राणी

नावांच्या या अदलाबदलीचे वर्तुळ आणखी एका प्राण्यामुळे पूर्ण होते. प्रयोगशाळेमुळे जगभर माहीत झालेला गिनी पिग हा छोटा, बिनशेपटीचा प्राणी अँडीज पर्वतराजीत हजारो वर्षांपूर्वी माणसाळला. पेरूमध्ये त्याला ‘कुई’ म्हणतात, तेथे तो आजही खाल्ला जातो, आणि कुस्को शहराच्या कॅथेड्रलमधील येशूच्या अखेरच्या भोजनाच्या चित्रात ताटामध्ये तोच दाखवला आहे. इंग्रजीने या प्राण्याला आफ्रिकेतल्या गिनीचे नाव दिले आणि पोर्तुगीजने त्याला ‘पोर्किन्यू-दा-इंदिया’, म्हणजे भारताचे डुकराचे पिल्लू, म्हटले. मेक्सिकोच्या पक्ष्याला पेरूचे नाव देणाऱ्या भाषेनेच पेरूच्या खऱ्या प्राण्याला भारताचे नाव दिले. आफ्रिकेतली गिनी कोंबडी मात्र ब्राझीलमध्ये ‘अंगोलाची कोंबडी’ या बऱ्याच योग्य पत्त्यावर राहते. तिच्या ओरडण्यातून ‘मी अशक्त आहे’ या अर्थाचे पोर्तुगीज शब्द ऐकू येतात असे मानून तिला ‘तो-फ्राकू’ असेही एक लोभस नाव मिळाले आहे.

गोव्याहून आग्र्याला

ज्या देशाचे आणि ज्या बंदराचे नाव युरोपभर या पक्ष्याला लागले, त्या देशात तो पोहोचला तेव्हा काय झाले, याची नोंद सुदैवाने उपलब्ध आहे. १६१२ मध्ये मुघल बादशहा जहांगीराचा विश्वासू अधिकारी मुकर्रबखान याने गोव्याला जाऊन फिरंग्यांकडून दुर्मीळ वस्तू त्यांनी मागितलेल्या किमतीला विकत घेतल्या आणि काही अनोळखी प्राणी-पक्ष्यांसह बादशहापुढे सादर केल्या. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की असे प्राणी त्याने पूर्वी पाहिले नव्हते आणि त्यांची नावेही कोणाला ठाऊक नव्हती. नाव नसल्यामुळे त्याने वर्णन केले: मोरापेक्षा लहान पण लांडोरीपेक्षा मोठा, माजावर आला की मोरासारखी पिसे पसरून नाचणारा, क्षणोक्षणी डोक्याचा आणि मानेचा रंग बदलणारा. शब्द अपुरे पडतील म्हणून त्याने चित्रकारांना त्याचे चित्र काढायला सांगितले, आणि उस्ताद मन्सूरने रंगवलेला तो टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाहायला मिळतो. पॅरिसमध्ये भारताचा आणि ॲम्स्टरडॅममध्ये कालिकतचा म्हणून ओळखला जाणारा पक्षी आग्र्याच्या दरबारात निनावी परदेशी होता.

पुढे हिंदुस्तानीत त्याला ‘पेरू’ किंवा ‘पीरू’ हे नाव मिळाले. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याची नोंद आहे. पोर्तुगीजांच्या शब्दाशी असलेले त्याचे साम्य उघड आहे. मराठीत मात्र ‘पेरू’ हे नाव एका फळाचे आहे. मूळ अमेरिकेतल्या या फळाला पोर्तुगीज ‘गोयाबा’ म्हणतात; मराठी ‘पेरू’ आणि कोंकणी ‘पेर’ हे शब्द मात्र पोर्तुगीजमधील नाशपतीवाचक ‘पेरा’ या शब्दापासून आले असे मानले जाते. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा कोश १९१३ मध्ये सिद्ध करणारे गोव्याचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा शब्दांचे धागे फार चिकाटीने उकलले. नाताळच्या पोर्तुगीज पाककृतीत भाजलेला, सारण भरलेला ‘पेरू’ वाचून मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर हिरवे-पिवळे फळ येणे साहजिक आहे, कारण दिसायला एक आणि अर्थाने वेगळे असलेले शब्द भाषांतरात सर्वांत आधी फसवतात.

टर्कीचे पेरू असे भाषांतर अचूक ठरते ते एवढ्याचसाठी की बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या दोघांच्याही मनात तोच पक्षी उभा राहतो. त्या शब्दात दडलेला देश बरोबर असण्याची अट भाषा कधीच घालत नाही. पण भाषांतर पूर्ण झाल्यावरही तो देश शब्दातून नाहीसा होत नाही. इंग्रजाच्या तोंडी तुर्की व्यापारी, डचाच्या तोंडी कालिकत आणि पोर्तुगिजाच्या तोंडी पिसारोने जिंकलेला मुलूख नकळत येत राहतो, आणि पक्षी कोणत्या वाटेने कोणाच्या दारी आला याची साक्ष देत राहतो. जहांगीराच्या दरबारात ही साक्ष देणारे नाव नव्हते, म्हणून तेथे एका माणसाला त्या पक्ष्याकडे नीट पाहावे लागले. मन्सूरच्या चित्रातल्या प्रत्येक पिसावर ते पाहणे आजही दिसते.